वाचकांचे प्रश्न : पित्ताची गोळी सुरू झाली, आता बंद कोण करणार?

या वेळी पित्ताच्या गोळ्यांवर एवढे प्रश्न आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकाला ढकललेत, थायरॉईड आणि बीपीवाल्यांनी रागावू नये. एक आधीच सांगते, खालचं वाचून कोणीही चालू गोळी परस्पर बंद करायची नाही. प्रिस्क्रिप्शनची फाईल घेऊन आपल्या डॉक्टरांसमोर बसा आणि सरळ विचारा, ही कशासाठी आहे आणि किती दिवस.

प्रश्न : मॅडम नमस्कार. माझं वय ६१, राहणार मिरज. पॅन्टोप्रॅझोल ४० ची गोळी मी सहा वर्षं झाली रोज सकाळी घेते. सुरुवात कशी झाली तर गुडघ्यासाठी पेनकिलर दिल्या होत्या त्यासोबत ही दिली, पेनकिलर कधीच्या बंद झाल्या पण ही चालूच राहिली. शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू, थायरॉईडची गोळी पण आहे. मागे भाच्याने एक व्हिडिओ पाठवला त्यात म्हणे ह्या गोळीने किडनी जाते, हाडं ठिसूळ होतात, विस्मरण होतं. घाबरून बंद केली तर दोन दिवसांनी एवढी जळजळ की रात्र पलंगावर बसून काढली, मग परत चालू केली. म्हणजे सवय लागली का हो? आणि व्हिडिओतलं खरं का?

उत्तर : काकू, तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य व्हिडिओचं नाहीये, पेनकिलर बंद झाल्या आणि ही चालू राहिली, ते आहे. पेनकिलरने पोटात अल्सर होऊ नये म्हणून ही दिली होती, ते योग्यच होतं, पण पेनकिलर थांबल्यावर हिचं काम संपलं होतं आणि ते तुम्हाला कोणी सांगितलं नाही. माझ्या ओपीडीत अशी माणसं रोज दिसतात. गोळी कोणी सुरू केली ते आठवत नाही, का केली ते आठवत नाही, मेडिकलवाला दर महिन्याला पट्टी देतो आणि फॉलोअपला डॉक्टर नुसतं 'सेम ट्रीटमेंट' लिहितात.

आता जळजळीचं. ही झोपेच्या गोळीसारखी सवय नाही, पण बंद केल्यावर त्रास होतो हे खरं आहे. जठराच्या पेशींमध्ये आम्ल बाहेर सोडणारे छोटे पंप असतात, ही गोळी त्यांना कायमचं बंद करते. रक्तात ती तास-दोन तासच टिकते पण बंद पडलेला पंप परत चालू होत नाही, शरीराला नवीन बनवावा लागतो, म्हणून एका गोळीचा परिणाम दिवसभर राहतो. पोटात आम्ल कमी झालं की शरीर गॅस्ट्रिन नावाचं हार्मोन वाढवतं, आम्ल बनवा बनवा असा निरोप देत राहतं, आणि तुम्ही एकदम गोळी सोडली की अडवणारं कोणी नाही आणि निरोप मात्र चालू, मग आम्ल पहिल्यापेक्षा जास्त सुटतं. डेन्मार्कमध्ये २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, १२० धडधाकट माणसं, कोणालाच पित्ताचा त्रास नाही. निम्म्यांना आठ आठवडे याच जातीची गोळी दिली आणि मग बंद केली, तर त्यातल्या ४४ टक्के लोकांना पुढच्या चार आठवड्यांत जळजळ, आंबट पाणी असले त्रास झाले, नुसती खोटी, म्हणजे औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत १५ टक्क्यांना. म्हणजे ज्यांना आजारच नव्हता त्यांना गोळी सोडताना जळजळ झाली! तेव्हा दोन दिवसांनी पेटलं म्हणून 'मला गोळीशिवाय चालतच नाही' असा निष्कर्ष काढू नका.

सोडायची कशी, तर हळूहळू. साधारण असं करतात की ४० ची २० करायची, दोन-चार आठवडे तशी, मग दिवसाआड, मग बंद, आणि मध्ये जळजळ झालीच तर तेवढ्यापुरतं अँटासिडचं पातळ औषध किंवा फॅमोटिडीन ही आम्ल कमी करणारी दुसऱ्या जातीची गोळी. पहिला महिना थोडा त्रास होईल असं धरूनच चाला. रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी, आणि पलंगाची उशाकडची बाजू विटा घालून उचला. नुसत्या उशा रचू नका, त्याने पोट दुमडतं आणि आम्ल उलट वर येतं.

व्हिडिओचं सांगते. त्यातलं सगळंच खोटं नाही, पण ज्या पद्धतीने सांगतात ते चूक आहे. किडनी, हाडं, विस्मरण या बहुतेक बातम्या ज्या अभ्यासांवरून येतात त्यात गोळी घेणारे आणि न घेणारे यांची नुसती तुलना असते, आणि गोळी घेणारे मुळात वयाने जास्त, आजार जास्त, बाकीच्या गोळ्याही जास्त. दवाखान्याच्या रांगेत आजारी लोक दिसतात म्हणून रांगेमुळे आजार होतो असं आपण म्हणत नाही ना. याच्या उलट एक मोठा अभ्यास २०१९ ला आला, १७ हजारांहून जास्त हृदयरोगी, चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट, एकाला रोज पॅन्टोप्रॅझोल ४० आणि दुसऱ्याला खोटी गोळी, साधारण तीन वर्षं. फरक पडला तो एकाच गोष्टीत, आतड्याचं इन्फेक्शन, म्हणजे जुलाब वगैरे, गोळीवाल्यांत १.४ टक्के आणि दुसऱ्यांत १ टक्का. फ्रॅक्चर, किडनीचा जुना आजार, विस्मरण, न्यूमोनिया यात म्हणण्यासारखा फरक नाही. अर्थात तीन वर्षं म्हणजे सहा वर्षं नव्हेत, पण व्हिडिओपेक्षा मी यावर जास्त विश्वास ठेवीन.

तरी तुमच्या बाबतीत मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची, बी-१२ ची. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं, वरून मेटफॉर्मिननेही बी-१२ कमी होतं, आणि तुम्ही शाकाहारी असाल तर मुळातच भांडवल कमी. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की तळपायाला मुंग्या येतात, पायातली चप्पल निसटलेली कळत नाही, जीभ लाल आणि गुळगुळीत होते, आणि सगळे म्हणतात शुगरमुळे होतंय. ही टेस्ट पहिली करून घ्या. सोबत हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि मॅग्नेशियम. मॅग्नेशियम वर्ष-वर्ष गोळी घेणाऱ्यांत क्वचित घसरतं आणि मग पोटऱ्यांत गोळे येतात, हात थरथरतात, छातीत धडधडतं. अमेरिकेच्या औषध खात्याने याबद्दल २०११ मध्ये इशारा दिला होता. लघवी होण्याच्या गोळ्या चालू असतील तर हे जास्त लक्षात ठेवायचं. किडनीचं म्हणाल तर या गोळीची अ‍ॅलर्जी होऊन किडनीला सूज येते हे होतं, पण दुर्मीळ आहे. लघवी कमी होणं, अंगावर पुरळ, विनाकारण ताप-मळमळ असं काही झालं तर क्रिएटिनिन बघायचं.

आणि थायरॉईड. ती गोळी शोषली जायला पण आम्ल लागतं, त्यामुळे पित्ताची गोळी सुरू करताना किंवा बंद करताना टीएसएच, म्हणजे थायरॉईडच्या रक्ततपासणीचा आकडा, इकडेतिकडे होऊ शकतो. बंद केल्यावर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच करा, कदाचित थायरॉईडचा डोस कमी लागेल. कॅल्शियमची गोळी घेत असाल तर पाकिटावर कार्बोनेट लिहिलंय का बघा, तसं असेल तर जेवणासोबत घ्या, किंवा डॉक्टरांना सायट्रेट लिहून द्यायला सांगा, त्याला आम्लाची गरज लागत नाही.

प्रश्न : वय २९, हिंजवडीत आयटीत आहे. जेवणाच्या वेळा काही ठरलेल्या नाहीत, वीकेंडला मिसळ, बिर्याणी, थोडी दारू. मेडिकलमधून पॅन-डी घेतो, आधी पार्टीच्या आधी एक घ्यायचो, आता वर्षभर जवळजवळ रोजच. दोन महिने झाले डाव्या छातीच्या निपलखाली सुपारीएवढी गाठ लागते आणि टी-शर्ट घासला तरी दुखतं. गुगल केलं तर कॅन्सर आला. गोळीशी काही संबंध असू शकतो का, की मी काहीही विचार करतोय?

उत्तर : काहीही नाही, चांगला विचार केलास. पॅन-डी मधल्या पॅनबद्दल सगळे बोलतात आणि डीबद्दल कोणी बोलत नाही, आणि मला विचारशील तर रोज खायच्या दृष्टीने या कॅप्सूलमधला जास्त त्रासदायक पार्टनर तोच आहे. डी म्हणजे डॉमपेरिडोन, उलटी-मळमळीचं औषध. एका कॅप्सूलमध्ये ते ३० मिलिग्रॅम असतं, हळूहळू सुटणारं. त्याने प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढतं, त्यामुळे पुरुषांत छाती दुखते, निपलखाली गाठीसारखं लागतं, आणि बायकांत पाळी पुढेमागे होते किंवा बाळ नसताना दूध येतं. तू सांगतोयस ते याच्याशी जुळतं. बंद केल्यावर काही आठवड्यांत, कधी महिन्यांत कमी होतं. पण गाठ म्हटल्यावर मी कागदावर निदान करणार नाही, एकदा सर्जनला हात लावून बघू दे, सोनोग्राफी आणि प्रोलॅक्टिनची टेस्ट सांगतील. गाठ दगडासारखी कडक असेल, कातडीला चिकटलेली असेल किंवा निपलमधून रक्त येत असेल तर थांबूच नकोस.

डॉमपेरिडोनचा दुसरा भाग हृदयाचा. हृदयाच्या ठोक्यांची लय त्याने बिघडू शकते, म्हणून युरोपच्या औषध नियामकाने २०१४ मध्ये सांगितलं की हे फक्त उलटी-मळमळीसाठी, १० मिलिग्रॅम दिवसातून जास्तीत जास्त तीन वेळा, आणि एक आठवड्याच्या वर सहसा नको. जळजळ, पोट फुगणं यासाठी त्यांनी ते काढूनच टाकलं. अमेरिकेत तर त्याला कधी मंजुरीच नाही. आणि आपल्याकडे बघ, लग्नात पंगतीला बसायच्या आधी लोक एकमेकांना देतात. सर्दी-खोकल्याला क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक चालू असताना किंवा फंगससाठी फ्लुकोनॅझोल चालू असताना त्यावर पॅन-डी खाणं हे तर नक्कीच टाळायचं.

मग जळजळीचं काय करायचं? मळमळ नसेल तर डी नको, साधी पॅन्टोप्रॅझोल चार ते आठ आठवडे रीतसर घ्यायची आणि थांबायची. तरी परत परत होत असेल तर एच. पायलोरी या जंतूची तपासणी. ऑस्ट्रेलियाच्या मार्शल आणि वॉरन यांनी तो शोधला आणि २००५ चं नोबेल मिळवलं, मार्शलने तर स्वतः जंतू पिऊन बघितले होते. फक्त एक लक्षात ठेव, श्वासाची किंवा शौचाची ही तपासणी करायच्या दोन आठवडे आधी पित्ताची गोळी बंद असावी लागते, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो. लॅबवाले दर वेळी विचारतातच असं नाही. बाकी दारू आणि रात्री एकची बिर्याणी याबद्दल मी काय बोलणार, तुला माहितीच आहे.

प्रश्न : आमचे दादा, वय ७४. गॅससाठी डॉक्टरांनी रॅबेप्राझोल आणि लेव्होसल्पिराइड अशी एकत्र कॅप्सूल दिली, पोटाला छान बरं वाटलं म्हणून आम्हीच पाच-सहा महिने चालू ठेवली. आता हात कापतो, चालताना पाऊल घासतं, चहाचा कप बशीत ठेवताना आवाज होतो, चेहरा पण मख्ख झालाय. पार्किन्सनची गोळी सुरू करू म्हणतायत. हे वयाने आहे का?

उत्तर : ताई, हे उत्तर अंकाची वाट न बघता आम्ही तुम्हाला फोनवर कळवलंय, पण बाकीच्यांसाठी छापतेय कारण हे वाचून अजून दोन घरांनी तरी कॅप्सूलचं पाकीट उलटून बघावं. वयाने असू शकतं, खरा पार्किन्सनही असू शकतो, पण लेव्होसल्पिराइड मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन अडवतं आणि म्हाताऱ्या माणसात हुबेहूब पार्किन्सनसारखं चित्र तयार करतं. थरथर, मंद हालचाल, मख्ख चेहरा, कधी तोंडाची आपोआप चावल्यासारखी हालचाल. आपल्या देशातल्या न्यूरॉलॉजिस्ट लोकांना हे नेहमीचं झालंय. पार्किन्सनची गोळी सुरू करण्याआधी न्यूरॉलॉजिस्टला ही कॅप्सूल दाखवा, बहुतेक ते आधी ती बंद करायला सांगतील आणि काही आठवडे, कधी काही महिने वाट बघतील. बऱ्याच जणांचं उतरतं, काहींचं पूर्ण उतरत नाही, म्हणून जितकं लवकर तितकं बरं. ओळखायचं कसं, तर कॅप्सूलच्या नावाच्या शेवटी बऱ्याचदा एल हे अक्षर असतं, पण नावावर जाऊ नका, मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात ते मोबाईलने फोटो काढून मोठे करून वाचा. म्हणजे दोष पित्ताच्या गोळीचा (इथे रॅबेप्राझोलचा) नसून तिच्यासोबत बसवलेल्या दुसऱ्या औषधाचा असतो, आणि घरात सगळे म्हणत राहतात, ती काय, साधी गॅसची गोळी.

प्रश्न : रँटॅकने कॅन्सर होतो म्हणून बंद झाली होती ना? मग आमच्याकडे अजून मिळते कशी? मी कॉलेजपासून खाल्लीये.

उत्तर : रँटॅक म्हणजे रॅनिटिडीन. सप्टेंबर २०१९ मध्ये त्यात एनडीएमए नावाची अशुद्धी सापडली, जी कॅन्सरकारक असण्याची शक्यता धरली जाते. गोळी जुनी झाली किंवा गरम जागेत राहिली तर ती वाढते असं पुढे दिसलं, म्हणून एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेने सगळ्याच कंपन्यांना ती बाजारातून काढायला सांगितली. आपल्याकडे बंदी आली नाही, पण २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ती वगळली. मी स्वतः आता लिहीत नाही, फॅमोटिडीन लिहिते, त्यात हा प्रश्न नाही. आधी खाल्लेल्यांनी घाबरून तपासण्या करत बसायची गरज नाही, अशी कोणती वेगळी तपासणी नाहीच.

प्रश्न : मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि पॅन्टोप्रॅझोल चालू. पोटाचा कधीच त्रास नाही, मग ही तिसरी कशाला? बंद केली तर चालेल का? वय ६८, सोलापूर.

उत्तर : नाही चालणार काका. वरच्या काकूंना मी सोडा म्हटलं आणि तुम्हाला घ्या म्हणतेय, कारण तुमची गोळी जळजळीसाठी नाहीच. रक्त पातळ करणारी दोन औषधं एकदम चालू असताना, त्यात तुमच्या वयाला, पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि तो आधी दुखून सांगत नाही, एकदम काळी डांबरासारखी शी होते किंवा चक्कर येऊन पडायला होतं. गोळी ते टाळते. दोन्हीपैकी एक औषध हार्टचे डॉक्टर बंद करतील तेव्हा हिचाही विषय काढा. आणि मेडिकलवाला 'ही नाहीये, ओमेप्राझोल घ्या, सेमच आहे' म्हणाला तर घेऊ नका. ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल क्लोपिडोग्रेलचं काम लिव्हरमध्ये थोडं अडवतात, पॅन्टोप्रॅझोल तेवढं अडवत नाही.

अजून एक, अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाने छातीत जळजळ झाली तर आधी पित्त म्हणायचं नाही. घाम येतोय, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ जातेय, दम लागतोय, तर इनो पिऊन बघू असं नाही, १०८ ला फोन आणि ईसीजी.

प्रश्न : साधा घसा बसला तरी प्रिस्क्रिप्शनवर पित्ताची गोळी असतेच. विचारलं तर अँटिबायोटिकचं कव्हर म्हणतात. खरंच लागते का?

उत्तर : बहुतेक वेळा नाही, आणि हे आमच्याच लोकांनी पाडलेलं वळण आहे. पेशंटने 'गोळीने पोट बिघडलं' म्हणू नये म्हणून आधीच एक लिहून टाकायची. अँटिबायोटिकने होणारे जुलाब पित्ताच्या गोळीने थांबत नाहीत, उलट दोन्ही एकत्र असले तर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाच्या जंतूचे चिवट जुलाब व्हायचा धोका थोडा वाढतो, त्यावरही अमेरिकेने २०१२ मध्ये इशारा दिला होता. डॉक्सिसायक्लिनने छातीत जळजळ होते ती गोळी अन्ननलिकेत अडकून, त्याला उपाय भरपूर पाणी आणि गोळी घेतल्यावर अर्धा तास आडवं न होणं. पेनकिलरचं वेगळं आहे. तरुण, धडधाकट माणसाला तीन दिवसांच्या पेनकिलरसाठी सहसा कव्हर लागत नाही, पण पासष्टीच्या पुढे, पूर्वी अल्सर झालेला, सोबत स्टेरॉईड किंवा रक्त पातळ करायची गोळी, यांना लागतं आणि द्यायलाच हवं.

प्रश्न : मी उठल्यावर चहा-बिस्किट, मग पेपर, मग गोळी घेतो. गोळी काही गुण देत नाही, डोस वाढवू का?

उत्तर : डोस नको, क्रम बदला. गोळी आधी, मग अर्धा ते एक तासाने नाश्ता. पंप अन्न आल्यावर कामाला लागतात आणि गोळी फक्त चालू पंपालाच बंद करू शकते, त्यामुळे ती अन्नाच्या आधी रक्तात पोचलेली हवी. पहिल्या दिवशी फरक पडला नाही म्हणून दुपारी दुसरी खाऊ नका, पूर्ण परिणामाला तीन-चार दिवस जातात. इनोने लगेच बरं वाटतं कारण तो सोडा आहे, असलेलं आम्ल तिथल्या तिथे मारतो, पण त्यात सोडियम बरंच असतं, बीपी, हार्ट, किडनीवाल्यांनी रोजचा रतीब लावू नये.

प्रश्न : आजी ८८ वर्षांची, गोळी गिळत नाही. खलबत्त्यात कुटून मधातून देतो. चालतं ना?

उत्तर : नाही, कुटू नका. गोळीवर जे आवरण असतं ते पोटातल्या आम्लापासून औषधाला वाचवण्यासाठी असतं, कुटलं की औषध आतड्यापर्यंत पोचायच्या आधीच वाया जातं, म्हणजे आजी एवढे दिवस नुसताच मध खातायत. डॉक्टरांना सांगून इसोमेप्राझोल किंवा ओमेप्राझोलची दाणेवाली कॅप्सूल मागा, ती उघडून दाणे चमचाभर सफरचंदाच्या गार गरात घाला आणि लगेच द्या. दाणे चावू द्यायचे नाहीत. कवळी असेल तर त्या वेळेपुरती काढून ठेवा, दाणे खाली अडकतात.